संशोधन कपाटात, बाळंतीण टेबलावर

(महिला मंडळं, आशा कार्यकर्त्या आणि नर्सताई यांच्या एकत्र मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर.)

मैत्रिणींनो,

आज इथे मंडळाच्या बाया आहेत, आशाताई आहेत आणि उपकेंद्रावर, ग्रामीण रुग्णालयात काम करणाऱ्या नर्सताईही आहेत. आपण अशा एकत्र क्वचितच बसतो. एरवी आपली गाठ पडते ती काहीतरी बिघडल्यावर. एक बाजू रागावलेली असते, दुसरी घाबरलेली असते, आणि दोन्ही बाजूंना बायाच असतात.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेऊन गेली काही वर्षं बायांच्या आरोग्याच्या प्रश्नावर गावांतून काम करते आहे. तेव्हा वैद्यकीय सल्ला देण्यासाठी मी उभी नाही. बाळंतपणात काय करावं आणि काय करू नये यावर गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगभर अभ्यास झाला. त्यातला बराचसा आता पक्का ठरला आहे. पण तो प्रसूतीच्या टेबलापर्यंत पोचत नाही. तो का पोचत नाही आणि पोचवण्यात आपला वाटा काय, एवढंच मला बोलायचं आहे.

एक काळ असा होता की आपली मागणी दवाखान्यापर्यंत पोचण्याची होती. रस्ता द्या, गाडी द्या, उपकेंद्रात नर्स द्या. ती लढाई बऱ्याच अंशी पुढे गेली आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. २०१८ ते २० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. हा आकडा पूर्वीपेक्षा कितीतरी कमी आहे आणि त्याचं श्रेय इथे बसलेल्या आशाताई-नर्सताईंना आहे. पण बाई दारातून आत गेली म्हणजे काम संपलं का? आत तिच्याशी काय होतं, हा आता आपला प्रश्न आहे.

संशोधन आणि आपण

संशोधन म्हटलं की चळवळीतल्या बाया सावध होतात. त्याला कारण आहे. नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचण्यांत बायांना पुरेशी माहिती न देता सामील करून घेतलं जात होतं. त्याविरुद्ध १९८६ साली स्त्री संघटनांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. तेव्हा कुणी ‘शास्त्राने सिद्ध झालंय’ म्हटलं की आपण विचारायचंच : कुणावर करून पाहिलं? त्यांना विचारून केलं का? फायदा कुणाचा झाला?

पण हेच शास्त्र आपल्या बाजूने बोलतं तेव्हा ते हातात घ्यायलाही शिकलं पाहिजे. एक जुनी गोष्ट सांगते. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली डॉक्टरांच्या विभागात शंभरातल्या ११ हून जास्त बाळंतिणी दगावल्या, सुईणींच्या विभागात तीनही नाही. शहरातल्या गरीब बायांना हे माहीत होतं. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवण्या करत. सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने शोध घेतला, तेव्हा कळलं की विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासत होते. १८४७ मध्ये त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं आणि पुढच्या वर्षी मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्याच्या आत आलं. तरी मोठमोठ्या डॉक्टरांनी ते मानलं नाही. आपल्याच हातांनी मरण नेलं, हे मान्य करणं त्यांना जड गेलं.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. बायांना आधी कळलं होतं, पण त्यांचं कळणं कुणी ‘माहिती’ म्हणून धरलं नाही. आणि आकडे समोर असूनही सवय बदलायला वर्षं लागली.

सवयीचं काय, गरजेचं काय

आता आपल्या प्रसूतिगृहात येऊ. बाई दाखल झाली की जागेचे केस काढायचे, एनिमा द्यायचा, नातेवाइकांना बाहेर काढायचं, तिला पाठीवर झोपवायचं, पहिलटकरीण असेल तर खालून कात्रीने चीर द्यायची, बाळ अडलं तर पोटावर जोर देऊन दाबायचं. हे नियमच असावेत असं आपल्याला वाटतं. त्या खरं तर सवयी आहेत, आणि त्यांची तपासणी झालेली आहे.

केस काढल्याने किंवा एनिमा दिल्याने जंतुसंसर्ग कमी होतो असं अभ्यासांत दिसलं नाही. प्रत्येकीला चीर देण्याऐवजी गरज असेल तेव्हाच दिली, तर मोठ्या इजा सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतात असं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर आढळलं. म्हणजे ‘फाटू नये म्हणून कापतो’ हे कारण टिकत नाही. काही वेळा चीर द्यावीच लागते. बाळ गुदमरत असेल तर द्यायलाच हवी. प्रश्न सरसकट देण्याचा आहे. टाके पडलेल्या बाईला महिनाभर धड बसता येत नाही, आणि तशा अवस्थेत ती घरचं सगळं करत असते, हे आपल्याला सांगायला संशोधक नको. पोटावर दाबण्याचं तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितलं : असं करू नये.

कळा चालू असताना बाईने फिरावं, बसावं, हवं तसं राहावं. पहिल्या टप्प्यात उभ्या-बसत्या राहिलेल्या बायांचा तो टप्पा सरासरी तासाभराहून जास्त लवकर संपला असं अभ्यास सांगतात. शेवटच्या टप्प्यात बसून किंवा उकिडवं बाळंत होणाऱ्यांना चीर कमी द्यावी लागली. पण त्यांचा रक्तस्राव थोडा जास्त होण्याची शक्यताही दिसली. संशोधन असं दोन्ही बाजू सांगतं. म्हणूनच निर्णय बाईला समजावून, तिच्या सोयीने व्हावा. ‘झोप म्हटलं ना’ या एका वाक्यावर तो होऊ नये.

आणि सोबत. १५,००० हून जास्त बायांवरचे अभ्यास सांगतात की कळा चालू असताना आपलं माणूस सतत जवळ असेल तर बाळंतपण नैसर्गिकपणे होण्याची शक्यता वाढते, सिझेरियन कमी होतात, कळांचा काळ थोडा कमी होतो. याला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही. घरी बाळंत होणाऱ्या बाईजवळ आई असायची, सासू असायची, सुईण पाठ चोळायची. घरचं बाळंतपण चांगलं होतं असं मी म्हणत नाही. रक्त थांबलं नाही तर त्या सगळ्याजणी हताश बघत बसायच्या. पण दवाखान्यात आणताना आपण तिची सोबत काढून घेतली, आणि ती काढून घेण्याला कोणताही आधार नव्हता. २०१६ साली केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांत सोबतीणीला परवानगी दिली. २०१७ मध्ये प्रसूतिगृहं सुधारण्यासाठी ‘लक्ष्य’ कार्यक्रम आला, त्यातही सोबत आणि खासगीपणा धरलेला आहे. किती ठिकाणी ती सोबतीण प्रत्यक्ष आत असते, ते तुम्ही मला सांगा.

रक्त मोजणं

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण ते आपल्या शेजारचं आहे आणि त्यात नर्सच मुख्य आहेत. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे मातांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारणांपैकी एक आहे. बेळगाव जिल्ह्यात चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात १,६२० बायांवर एक अभ्यास झाला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ही बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात, एएनएम नर्सच्या हातून होत होती. तिथे ना थंड कपाट, ना इंजेक्शनची खात्री. निम्म्या बायांना बाळ जन्मल्यावर लगेच मिझोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडाने दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. गोळ्या घेतलेल्यांत जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं, म्हणजे जवळजवळ निम्मं. इथेही मघाचा प्रश्न विचारायचाच : निम्म्यांना रिकामी गोळी का? तेव्हा तिथल्या नर्सच्या हातात दुसरं औषधच नव्हतं, हे त्याचं उत्तर, आणि ते उत्तर व्यवस्थेला लाज आणणारं आहे. पण २०११ मध्ये ही गोळी जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत या कामासाठी आली. त्यामागे त्या गावच्या बाया आणि त्या नर्सताई आहेत.

बेळगावच्याच डॉक्टरांनी त्या कामात एक साधी पिशवी वापरली. बाळंतिणीच्या खाली पसरायची, तळाशी नरसाळ्यासारखी निमुळती, मापाच्या रेघा असलेली प्लास्टिकची पिशवी. तिने मोजल्यावर कळलं की नुसत्या डोळ्यांनी केलेला रक्ताचा अंदाज सुमारे ३३ टक्क्यांनी कमी भरतो. म्हणजे ‘एवढं जातंच’ असं म्हणता म्हणता धोक्याची रेघ ओलांडली जाते.

पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून जास्त बाळंतपणांवर हेच मोठ्या प्रमाणात करून पाहिलं. पिशवीने मोजायचं, आणि रेघ ओलांडली की एकेक न थांबता सगळं सोबतच करायचं : पिशवीवरून चोळणं (गर्भपिशवीवरून), आकुंचनाचं औषध, रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन, आणि रक्त कुठून जातंय याची तपासणी. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोटाचं ऑपरेशन किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. पूर्वीच्या पद्धतीत जास्त रक्तस्रावाच्या निम्म्याच केसेस ओळखल्या जात होत्या, नव्या पद्धतीत शंभरातल्या ९३. यातलं एकही औषध नवं नव्हतं. नवं होतं ते वेळेवर मोजणं आणि टेबलाजवळच्या नर्सला ‘आता सुरू कर’ म्हणण्याचा अधिकार.

नर्सताईंना दोष देऊन भागणार नाही

मग हे होत का नाही? एका सिस्टरने मला सांगितलं, “ताई, रात्री मी एकटी. एक टेबलावर, एक दारात कळा देतेय, वर इंजेक्शनं, वर रजिस्टरं. पाठ चोळत बसू कधी? आणि चीर दिली नाही म्हणून काही झालं तर डॉक्टर मलाच विचारणार.” यातल्या एकाही वाक्याला माझ्याकडे खोडून काढणारं उत्तर नव्हतं.

शिव्या देणं, मांडीवर चापट मारणं, ‘तेव्हा बरं वाटलं का’ असं बोलणं हे चालणार नाही. घाना, गिनी, म्यानमार आणि नायजेरिया इथल्या २०१९ च्या अभ्यासात, निरीक्षणाखालच्या बायांपैकी ४० टक्क्यांहून जास्तींना मारहाण, शिवीगाळ किंवा भेदभाव सोसावा लागला होता. आपल्याकडचे अनुभव आपण जाणतोच, आणि दलित, आदिवासी, मुसलमान बायांच्या वाट्याला ते जास्त येतात हेही जाणतो. त्याबद्दल गप्प बसायचं नाही. पण ज्या व्यवस्थेत नर्सला स्वतःला कुणी ‘तुम्ही’ म्हणत नाही, तिथे तिने सगळ्यांना सन्मान द्यावा ही अपेक्षा एकट्या तिच्यावर टाकून मोकळं होता येणार नाही.

प्रशिक्षित मिडवाइफ पहिल्या तपासणीपासून बाळंतपणापर्यंत एका बाईबरोबर राहिली तर आई-बाळ दोघांनाही फायदा होतो, हेही अभ्यासांतून दिसलं आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये तसं धोरण आणलं आणि नर्सेससाठी १८ महिन्यांचं प्रशिक्षण ठरवलं. २०२३ मध्ये नर्सिंग आणि मिडवाइफरीसाठी नवा कायदा झाला. कागद आहेत. जागा भरणं, अधिकार देणं आणि रात्रपाळीला दुसरं माणूस देणं, ही मागणी नर्सेसची एकटीची नाही. ती बाळंतिणीचीही आहे.

आपण काय करायचं

पहिलं, आपल्या गावात गेल्या वर्षभरात बाळंत झालेल्या बायांशी बोलायचं. सोबत कोण होतं, चीर दिली का, विचारून दिली का, पोट दाबलं का, कुणी काय बोललं. नावं न घालता लिहून ठेवायचं. व्हिएन्नाच्या बायांकडे जे नव्हतं ते आपल्याकडे आहे : आपण मोजू शकतो.

दुसरं, ही माहिती गावच्या आरोग्य समितीत, रुग्ण कल्याण समितीत, जनसुनवाईत मांडायची. मागण्या नेमक्या ठेवायच्या. दोन टेबलांमध्ये पडदा. सोबतीणीला बसायला स्टूल. रक्त मोजायची पिशवी. औषधांचा साठा. रात्री दोन नर्स. पडदा नाही म्हणून सोबत नाही, असं उत्तर मिळालं तर पडद्याचा खर्च विचारायचा.

तिसरं, सातव्या-आठव्या महिन्यातल्या मुलींना आणि त्यांच्या सासवांना हे आधी सांगायचं. कळा चालू असताना हक्क समजावता येत नाहीत.

चौथं, नर्सताईंनी आणि आपण दर तीन महिन्यांनी असं बसायचं. त्यांनी आम्हाला सांगावं कशाची अडचण आहे, आम्ही ती वर न्यावी.

आज चहानंतर गट करणार आहोत. प्रत्येक गटात किमान एक नर्सताई असेल. गटाने आपल्या दवाखान्यातली एकच गोष्ट निवडायची, जी येत्या तीन महिन्यांत बदलता येईल, आणि ती कोण, कुणाला, कधी विचारणार ते नावानिशी लिहून द्यायचं. पुढच्या बैठकीची सुरुवात त्याच कागदांपासून करू.