झोपेत दात खाणे आणि जबड्याची कळ
(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)

एकदंताच्या मंडपात दातांच्या डॉक्टरला बोलायला उभं केलंत, हा कार्यकारिणीचा विनोद मला आवडला.

मूल झोपेत दात खाऊ लागलं की घरातली आजी म्हणते, पोटात जंत झाले. या समजुतीला भक्कम आधार नाही. बहुतेक मुलांची ही सवय वाढत्या वयात आपोआप सुटते. मुलांचा विषय इथेच सोडतो. मला बोलायचंय ते मोठ्यांबद्दल.

माझ्याकडे आलेल्या एका ताईंची हकिगत सांगतो. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, रात्री अमेरिकेशी फोन. सकाळी उठल्यावर कानापाशी कळ आणि कानशिलं जड. कानाच्या डॉक्टरांना कानात काहीच सापडलं नाही. मग एका दाढेचं रूट कॅनॉल झालं, तरी दुखणं तसंच. पुढे कुणीतरी 'चावा जुळत नाही' म्हणून दोन धडधाकट दाढा घासल्या. कळ राहिलीच, वर थंड पाणी झोंबायला लागलं. घासलेलं एनॅमल पुन्हा उगवत नाही हो!

आता कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. (सभागृहात सगळ्यांनी करून पाहिले.) हालतोय तो जबड्याचा सांधा. त्यात कूर्चेसारखी एक चकती असते. ती सरकली की 'कट्' असा आवाज येतो. नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर उपचारांची गरज नाही. पुष्कळदा दुखतात ते रात्रभर आवळून थकलेले स्नायू.

दात खाण्याचं मूळ चाव्यात आहे, असं पूर्वी मानत. आता ते मेंदू, झोप आणि ताण यांच्याशी जोडलं जातं. घोरणं, जास्त कॉफी, सिगारेट, दारू आणि नैराश्यावरची काही औषधंही त्यात भर घालतात. पण औषध आपल्या मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

आणि नाईट गार्ड? मी स्वतः बनवून देतो, म्हणून स्पष्टच बोलतो. गार्ड दातांची झीज वाचवतो, सवय मोडत नाही. 2023 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्याबद्दल मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांत जबड्याचे व्यायाम, फिजिओथेरपी आणि ताण हाताळायला शिकवणारे मानसोपचार यांना वरचं स्थान आहे. दुखण्यासाठी गार्डची शिफारस त्यात नाही. चाव्यात कायमचा बदल करणाऱ्या उपचारांना तर ठाम नकार आहे.

आत्ता या क्षणी तुमचे वरचे-खालचे दात टेकलेले आहेत का? टेकलेले नसावेत. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. कॉम्प्युटरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवा आणि दर वेळी ती दिसली की जबडा सैल सोडा. सिल्क बोर्डच्या सिग्नललाही हेच करा, तिथे वेळ भरपूर मिळतो! दुखत असेल तेव्हा ओल्या गरम कपड्याने शेक, मऊ जेवण, आणि जांभई देताना हनुवटीखाली मूठ. उकडीचे मोदक पथ्यात बसतात. चकली-कडबोळी थोडे दिवस शेजाऱ्यांना वाटा.

तोंड उघडेनासं झालं, सूज आली किंवा चेहरा बधिर वाटला तर मात्र थांबू नका. आणि कुणी चांगले दात घासायचा सल्ला दिला तर दुसरं मत घ्या. आपल्या बेंगळुरूत व्हिक्टोरिया हॉस्पिटलजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे, तिथेही दाखवता येईल.

त्या ताईंनी तीन-चार महिने नेटाने व्यायाम केला, रात्रीचे फोन कमी करून घेतले. कळ आता क्वचित येते. घासलेल्या दाढांची झिणझिण मात्र अजून आहे, टूथपेस्टवर भागवतात.

आरतीची वेळ झाली. प्रश्न प्रसादानंतर विचारा, मी इथेच आहे.