घास अडकला तर
दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या दाढा पुरत्या आलेल्या नसतात. अख्खा शेंगदाणा न चावताच श्वासनलिकेत जाऊ शकतो. म्हणून ५ वर्षांपर्यंत दाण्याचं कूटच द्या, द्राक्षं उभी चिरून द्या. मुलाला बसूनच जेवू द्या. घास घेऊन त्याच्यामागे धावण्यात माया असते, पण तेवढं थांबवाच.

घास अडकला आणि मूल खोकत असेल, तर खोकू द्या. आवाजच फुटेना, तर वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये, पाठीवर तळहातानं ५ जोरदार थापा द्या. तरीही निघालं नाही, तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मुठीनं आत आणि वर असे ५ झटके द्या. दिसत नसताना घशात बोट घालू नका. घास आणखी आत सरकतो. दुसऱ्या कुणाला तरी लगेच १०८ला फोन करायला सांगा.