सोयरिकीचं शास्त्र



या विज्ञानलेखक संमेलनाच्या संयोजकांनी मला विषय दिला तो 'जनुकशास्त्राचा इतिहास आणि तो घडवणारे शास्त्रज्ञ'. या विषयावरचं मराठी लेखन ठरलेल्या वाटेनं जातं. मेंडेलच्या मठातले वाटाणे, मॉर्गनच्या माश्या, वॉटसन-क्रिकचा जिना आणि शेवटी मानवी जनुकसंच. सगळं खरं आहे, पण त्यात परळ स्टेशन लागत नाही. आज मला तुम्हाला तिथे उतरवायचं आहे. आपल्या भागात माणसाच्या आनुवंशिकतेचं शास्त्र वाटाण्यांच्या वाफ्यात वाढलं नाही. ते सोयरिकीतून वाढलं. कोण कुणाला मुलगी देतो, कोण देत नाही, मामाची मुलगी चालते की नाही, हे आपल्या आज्यांचे प्रश्न होते. आपल्या शास्त्रज्ञांनी तेच प्रयोगशाळेत नेले.

मुलुंडमध्ये हे बोलताना बरं वाटतं, कारण या उपनगराला संशोधनाची ओळख आहे. होएक्स्ट कंपनीचं संशोधन केंद्र इथेच होतं. तिथे 1970च्या दशकात माईनमुळापासून फोर्स्कोलिन वेगळं काढलं गेलं आणि आज जगभरातल्या पेशीजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत ते वापरलं जातं. ज्या मुळाचं आपले गुजराती शेजारी लोणचं घालतात, तेच हे. आणि सभेला गर्दी किती, याची चिंता संयोजकांनी करू नये. मेंडेलनं आपला निबंध 8 फेब्रुवारी आणि 8 मार्च 1865 रोजी वाचला तो ब्रनो गावच्या निसर्गअभ्यास मंडळापुढे, म्हणजे आपल्यासारख्याच हौशी मंडळींपुढे. पुढच्या वर्षी तो छापला गेला आणि जगानं दखल घेतली 1900 साली.

आता परळकडे वळू. 1952 साली 'लॅन्सेट'मध्ये एक छोटा निबंध आला. पहिलं नाव परळचे डॉ. वाय. एम. भेंडे यांचं, सोबत सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया, आणि इंग्लंडमधून रूथ सँगर, रेस, मॉर्गन (माश्यांवाले ते वेगळे), वॉटकिन्स ही रक्तगटशास्त्रातली मातब्बर नावं. विषय होता मुंबईत सापडलेलं एक विचित्र रक्त. आज जग त्याला 'बॉम्बे' रक्तगट म्हणतं.

मी उमेदीची वर्षं रक्तपेढीत काढली, म्हणून हे जरा जवळून दाखवतो. पांढऱ्या टाइलवर रक्ताचे थेंब ठेवायचे. एकात निळं द्रावण, म्हणजे ए-विरोधी. दुसऱ्यात पिवळं, बी-विरोधी. टाइल हलवायची. जिथे गुठळ्या धरतात तो गट. कुठेच धरल्या नाहीत तर 'ओ'. घाईच्या वेळी माणूस इथेच थांबतो आणि चिठ्ठीवर ओ लिहितो. पण नियम असा, की उलटी तपासणीही करायची. रुग्णाचा रक्तद्रव घ्यायचा आणि त्यात ओ गटाच्या पेशी टाकायच्या. ओच्या पेशींशी कुणाचं वाकडं नसतं, त्या शांत राहायला हव्यात. बॉम्बे गटाच्या माणसाच्या रक्तद्रवात मात्र त्यांच्याही गुठळ्या होतात. त्याला ए चालत नाही, बी चालत नाही आणि ज्याला आपण सर्वदाता म्हणतो तो ओसुद्धा चालत नाही. त्याला फक्त त्याच्यासारख्याच माणसाचं रक्त चालतं. मुंबईत असा माणूस साधारण साडेसात हजारांत एक आढळतो, असं भाटिया आणि साठे यांनी 1974 साली दाखवलं. युरोपात तो लाखांत शोधूनही मिळायचा नाही.

कारण समजायला वेळ लागला. तांबड्या पेशीवर आधी एक पायरी बसावी लागते, तिला एच म्हणतात. ए आणि बी या जनुकांची साखर त्या पायरीवर चढते. ती पायरी बसवणारं जनुक आईकडूनही नादुरुस्त आणि वडिलांकडूनही नादुरुस्त आलं, तर माणसाकडे ए किंवा बीचं जनुक असूनही ते रक्तात दिसत नाही. म्हणजे आई ओ आणि वडील ओ वाटतात आणि मूल निघतं बी! अशा निकालावरून घराघरांत काय संशय पिकले असतील, याची कल्पना कथालेखकांनी करावी. एक जनुक दुसऱ्याला झाकतं, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात कोंबड्यांच्या पिसांच्या रंगावरून शिकवतात. माणसातलं तिचं एक उत्तम उदाहरण आपल्या शहराच्या नावानं आहे.

दोन्हीकडून नादुरुस्त जनुक यायचं तर आईवडील एकाच गोतावळ्यातले असणं सोयीचं पडतं. हे लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरॉड या डॉक्टरनं 1902 सालीच ओळखलं होतं. लघवी काळी पडणाऱ्या मुलांचे आईबाप बरेचदा चुलत-मावस भावंडं असतात, हे त्याच्या लक्षात आलं आणि जीवशास्त्रज्ञ बेटसननं त्याला मेंडेलचा धागा दाखवला. लंडनमध्ये असं लग्न अपवाद होता. आपल्याकडे मामाच्या मुलीवर हक्कच सांगितला जायचा. भेंड्यांच्या निबंधानंतर बरोबर एका वर्षानं, 1953 साली, मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांचं भारतातल्या नातेसंबंधांवरचं इंग्रजी पुस्तक आलं. उत्तरेत आतेमामे लग्न निषिद्ध, दक्षिणेत ते पसंतीचं आणि महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात, हा नकाशा त्यांनी काढला. एक माणूस रक्त तपासत होता आणि एक बाई वंशावळी लिहून घेत होती. दोघांचे कागद शेजारी ठेवून वाचले, तर परळचं विचित्र रक्त तितकंसं विचित्र राहत नाही.

जाता जाता, 1951 साली भारतीय लष्करी वैद्यकसेवेतले जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी दाखवलं की कुळथाच्या बियांचा अर्क ए गटाच्या पेशींच्या गुठळ्या करतो. ए गटातले पोटप्रकार वेगळे करायला जगभरच्या रक्तपेढ्या तेच प्रथिन वापरतात. कोकणातून आलेल्या मुलुंडकरांनी पुढचं पिठलं जरा अभिमानानं खावं.

इरावतीबाईंकडे परत येतो, कारण या इतिहासाची काळी बाजू त्यांनी फार जवळून पाहिली. 1920च्या दशकाअखेरीस त्या बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक होता ऑयगेन फिशर, मानववंश आणि सुप्रजननाच्या (युजेनिक्सच्या) नव्या संस्थेचा प्रमुख, पुढे नाझींचा माणूस. त्याचा तर्क असा, की युरोपीय कवट्या डावी-उजवीकडे जास्त असमान असतात आणि त्यामागे त्यांची वरचढ बुद्धी आहे. जर्मन वसाहतींतून आणलेल्या कवट्या आणि युरोपीय कवट्या इरावतीबाईंपुढे ठेवल्या गेल्या. त्यांनी मापं घेतली आणि लिहिलं, की असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, पदवी ज्याच्या हातात त्याच्याच सिद्धान्ताविरुद्ध पंचविशीतल्या मराठी बाईनं हे मांडलं. 'युगान्त'च्या लेखिका म्हणून आपण त्यांना डोक्यावर घेतो. मला त्यांचा हा प्रबंध जास्त मोठा वाटतो.

आणि त्याच सुमारास आपण काय करत होतो? 1927 साली ना. सी. फडक्यांनी भारतात सुप्रजननाची चळवळ हवी म्हणून इंग्रजीत आख्खं पुस्तक लिहिलं. फडके एकटे नव्हते. पुण्यामुंबईच्या शिकलेल्या वर्गात 'चांगलं बीज' ही कल्पना मोठ्या मानाची होती, आणि चांगलं बीज म्हणजे बहुधा आपलं. त्या काळी शास्त्रही याच भाषेत बोलत होतं. 1949 साली एल. डी. संघवी आणि वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईतल्या सहा अंतर्विवाही गटांच्या सात आनुवंशिक लक्षणांवर निबंध लिहिला. आपल्या जातींकडे जनुकांच्या वारंवारितेतून पाहणारं हे सुरुवातीचं मोठं काम. ते छापलं कुठे? कार्ल पिअर्सननं 1925 साली सुरू केलेल्या 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स'मध्ये. 1954 साली त्या नियतकालिकानं नाव बदलून मानवी आनुवंशिकतेचं नाव घेतलं. नाव बदललं म्हणून आधीचे अंक कपाटातून जात नाहीत.

पुढे 1968 साली इरावतीबाई आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांच्या आठ पोटजातींची तुलना प्रसिद्ध केली. एकच नाव आणि एकच पायरी असलेले गट शरीरानं एका झाडाच्या फांद्यांसारखे निघाले नाहीत. ज्यांना आपल्या रक्ताच्या शुद्धतेबद्दल बोलायचं असतं, त्यांच्या हाती या कागदांतून फारसं काही लागत नाही.

या सगळ्यांच्या आधी मुळाला हात घातला होता तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात पंचवीस वर्षांच्या या विद्यार्थ्यानं सांगितलं, की जातीचं सार अंतर्विवाहात, म्हणजे आपल्यातच लग्नं करण्यात आहे. वीस वर्षांनी लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात त्यांनी जातीच्या सुप्रजननी समर्थनाचा समाचार घेतला. जाती म्हणजे वंश नव्हेत, हे त्यांनी प्रांतोप्रांतीची उदाहरणं देऊन मांडलं. ते अध्यक्षीय भाषणच होतं, पण मजकूर वाचून संयोजकांनी परिषदच रद्द केली. आजच्या संयोजकांनी माझं भाषण आधी मागितलं नाही, याबद्दल मी आभारी आहे. 2013 साली हैदराबादचे जनुकशास्त्रज्ञ थंगराज यांच्यासह एका आंतरराष्ट्रीय गटानं जनुकसंच वाचून सांगितलं, की भारतात साधारण 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वी लोकसमूह मनसोक्त मिसळले आणि मग ते मिसळणं आटलं. आंबेडकरांनी जी भिंत दाखवली होती, तिचं वय या लोकांनी काढलं.

त्या भिंतीची किंमत मुलुंडमध्ये रोज कुणीतरी मोजतं. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं इथल्या कॉलनीत वसली. लोहाणा, कच्छी, भानुशाली समाज तर पूर्वीपासूनचा. या समाजांत बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक, म्हणजे त्याचं एक नादुरुस्त जनुक बाळगणारे, सरासरीपेक्षा बरेच जास्त. यात त्यांच्या रक्ताचा दोष नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्यातच सोयरिकी केल्या की कुठलं तरी एक नादुरुस्त जनुक साठू शकतं. कुणाकडे थॅलेसेमियाचं, विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचं. थॅलेसेमियाच्या दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता, की बाळाला जन्मभर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागेल.

आणि आपल्या बायोडेटात काय असतं? रास, नक्षत्र, गण, नाडी आणि हल्ली रक्तगट. छत्तीस गुणांपैकी आठ एकट्या नाडीचे. एकनाडी म्हणजे एकच रक्तगट, असं कुणीतरी पसरवून दिलंय आणि लोक हिरमुसून विचारतात, "डॉक्टर, दोघंही बी पॉझिटिव्ह आहेत, चालेल ना?" खुशाल चालेल. एक रक्तगट असल्यानं काही बिघडत नाही. विचारायचं ते वेगळंच राहून जातं: दोघंही थॅलेसेमियाचे वाहक आहेत का? साध्या रक्ततपासणीत पेशी लहान दिसतात का आणि हिमोग्लोबिन ए-टू वाढलेलं आहे का, हे एका नळीभर रक्तात कळतं.

लेखक म्हणून माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. भेंडे, भाटिया, संघवी, खानोलकर यांची चरित्रं लिहा. आणि वाहक असणं हे मुलीच्या बाजूनं लपवायचं लांछन होऊ नये, अशा भाषेत थॅलेसेमियावर लिहा. मी आजवर पाहिलं त्यात तपासणीचा कागद दडवणारे बहुधा मुलीचे वडील असतात आणि मुलाचा कागद कुणी मागतच नाही. जनुक तर दोन्हीकडून यावं लागतं. दोघं वाहक निघाले तरी सोयरीक मोडायची गरज नाही. गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यातच गर्भाची तपासणी करता येते आणि मुंबईत ती वर्षानुवर्षं होते आहे. वाहक-तपासणीचा कागद दोघांनी एकमेकांना दाखवावा; तिसऱ्या कुणाला त्याची गरज नाही, गुणमेलन करणाऱ्या गुरुजींनाही नाही.