मेंदूभोवतीची भिंत

(खोपट, ठाणे येथील सभेत एका परिचारिकेने केलेले भाषण)



मागच्या वेळी तुमच्यापैकी एकांनी मला विचारले होते, "सिस्टर, मुलीचा ताप तिसऱ्या दिवशीच उतरला, तर दहा दिवस दवाखान्यात राहण्याचा खर्च कशाला?" प्रश्न रास्त होता. आज त्याचे उत्तर देते.

मुलगी दोन वर्षांची, शहापूर तालुक्यातल्या कातकरी पाड्यावरची. आईबाप वीटभट्टीवर कामाला. ताप, उलट्या, मग आकडी आली आणि मान ताठ झाली. पाठीच्या कण्यातले पाणी काढले तर ते गढूळ. जंतूंमुळे होणारा मेंदूज्वर होता. तिसऱ्या दिवशी तिने भाकरी मागितली. बाप म्हणाला, "आता बरी झाली. भट्टीवाल्याची उचल घेतलीय, निघतो आम्ही."

त्याला मी जे सांगितले, तेच तुम्हाला सांगते.

आपल्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. ही मेंदूची भिंत. रक्तातले विष आणि जंतू ती सहसा आत जाऊ देत नाही. पण न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस, हिब असे काही जंतू नाकाघशातून रक्तात शिरतात आणि ही भिंत ओलांडतात. आतल्या पाण्यात राखणदार फार थोडे, त्यामुळे तिथे ते झपाट्याने वाढतात.

मग शरीर धोक्याची हाक देते. पांढऱ्या पेशी धावून येतात आणि जंतूंना मारण्यासाठी तिखट रसायने सोडतात. त्या रसायनांनी भिंतीचे सांधेही सुटतात. रक्तातले पाणी व प्रथिने आत झिरपतात, मेंदू सुजतो. कवटी काही ताणत नाही. दाब वाढतो, मेंदूला रक्त कमी पडते. म्हणजे नुकसान एकटे जंतू करत नाहीत. वाचवायला आलेल्यांच्या धावपळीतही घर मोडते. औषधाने जंतू फुटले की त्यांच्या तुकड्यांनी दाह आणखी भडकू शकतो. म्हणून काही रुग्णांना प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसाआधी किंवा त्याबरोबरच डेक्सामेथासोन देतात. हिबच्या आजारात मुलांचे कान वाचायला त्याची मदत होते.

आता दहा दिवसांचे उत्तर. भिंत धड असते तेव्हा पेनिसिलिनसारखे औषध मेंदूपर्यंत फारच थोडे पोचते. दाहाने ती सैल झाली की जास्त पोचते. मूल सुधारू लागले की भिंत पुन्हा घट्ट होते आणि औषधाची वाट अरुंद होते. जंतू मात्र अजून थोडे उरलेले असू शकतात. म्हणून मूल खेळू लागले तरी इंजेक्शने पूर्ण मात्रेत, शिरेतूनच चालू ठेवावी लागतात. जंतूप्रमाणे साधारण 7 ते 14 दिवस.

बाप थांबला. त्याचे जेवण आणि बुडालेली मजुरी तुमच्या देणगीतून भागली. मुलगी घरी गेली, पण एका कानाने तिला ऐकू येत नाही. घरी सोडण्याआधी कान तपासले म्हणून ते कळले. ती भट्टीवरून दोन दिवस आधी आली असती, तर कदाचित दोन्ही कान वाचले असते.

तेव्हा तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, लस. जन्मतः बीसीजी, 6, 10 आणि 14 आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, ज्यात हिबची लस असते, 6 व 14 आठवड्यांना आणि 9 महिन्यांना न्यूमोकॉकसची. सरकारी केंद्रात या सगळ्या मोफत मिळतात. पण दिवाळीनंतर कुटुंबे भट्टीवर जातात आणि डोस चुकतात. लसीचे कार्ड सोबत न्यायला सांगा. भट्टीजवळच्या केंद्रातही डोस मिळतो. दुसरी, तापाबरोबर आकडी, गुंगी, ताठ मान किंवा तान्ह्याची टाळू फुगलेली दिसली, तर भगताकडे एक रात्रही न घालवता 108 ला फोन करा. तिसरी, पूर्ण उपचार.

तुमचे पैसे त्या सात दिवसांत गेले. ते वाया गेले नाहीत, हे सांगायलाच मी आज आले.