संत्र्याची साल आणि सांडपाणी



1904 साली तोफगाडी कारखाना निघाला आणि आपले जबलपूर धातुकामाचे नगर झाले. धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यात तांबे, कॅडमियम असे जड धातू उतरतात. ते कुजत नाहीत, नदीच्या गाळात साठतात.

आपण नागपुरी संत्रे सोलून साल टाकतो. तिच्यातील पेक्टिनाचे आम्लगट हे धातू धरून ठेवतात. साल धुवावी, वाळवावी, दळावी; सांडपाण्यात ढवळून गाळावी. सौम्य आम्लाने धातू सोडवला, की तीच पूड काही वेळा पुन्हा वापरता येते. मात्र धातूने भरलेली पूड उकिरड्यावर गेली, तर पावसाबरोबर तेच विष पुन्हा पाण्यात उतरेल.

म्हणून हे काम कारखान्याच्या दारातच, देखरेखीखाली व्हावे. ज्या नर्मदामैयाने आपणांस परमुलुखात माहेर दिले, तिच्यासाठी एवढा आग्रह आपण धरलाच पाहिजे.