ट्रेलरचा तोल
बैलगाडीत ओझे मागे सरले की गाडी उलाळ होते. फार पुढे आले की जू मानेवर रुतते. अमेरिकेत मोटारीमागे फिरते घर ओढणाऱ्यासही हाच तोल राखावा लागतो. ट्रेलरच्या वजनाचा सुमारे १० ते १५ टक्के भार जोडावर असावा, असा तेथे संकेत आहे. २००० किलोच्या ट्रेलरचे २०० ते ३०० किलो असे मोटारीच्या मागील टोकावर येतात; पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग सैल पडते. भार वाटून देणाऱ्या जोडाच्या ताणलेल्या पोलादी दांड्या त्यातील काही भार पुढच्या चाकांकडे व ट्रेलरच्या आसाकडे वळवितात. दांड्या जोडावरील भार पाहूनच निवडाव्यात आणि पुढच्या चाकावरील कमानीची उंची जोडण्यापूर्वी व नंतर मोजावी. ओझे मात्र वाटले जाते, घटत नाही. मर्यादेबाहेर लादलेल्या गाडीस कोणताही जोड तारीत नाही.