छातीवरच्या फिती

4 डिसेंबर म्हटलं की कराचीवर चालून गेलेल्या क्षेपणास्त्र नौका आठवतात. नौदल दिनही त्यांच्याच पराक्रमाचा. पण 1971 च्या भारत-पाक युद्धात त्याच दिवशी तिकडे बंगालच्या उपसागरात ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरून सी हॉक विमानं उडाली आणि कॉक्स बाजारच्या विमानतळावर तुटून पडली. त्या युद्धात ‘विक्रांत’च्या वाट्याला 2 महावीरचक्रं आणि 12 वीरचक्रं आली. सी हॉक तुकडीचे प्रमुख संतोषकुमार गुप्ता हे त्यांतले एक महावीरचक्रविजेते.

मला कुतूहल आहे ते विमान परत येऊन डेकवर टेकल्यानंतरचं. वैमानिक खाली उतरतो, विमान मेकॅनिकच्या ताब्यात येतं. पत्र्याला कुठे भोक पडलंय का पाहायचं, नळ्या-तारा चाचपायच्या. समुद्राचा खार गोड्या पाण्यानं धुऊन काढायचा, नाहीतर तो धातू खातो. मग हत्यारं मोजायची. एक पाना कमी भरला, तर तो सापडेपर्यंत विमान जागचं हलत नाही. इंजिनात राहिलेला पाना म्हणजे घातच! शेवटी नोंदवहीत सही. पुढच्या खेपेला वैमानिक बसतो तो त्या सहीच्या भरवशावर.

या माणसाला पदक कोणतं? नौसेना पदक शौर्यासाठी मिळतं, तसंच कर्तव्यनिष्ठेसाठीही मिळतं. पण ते मोजक्यांनाच. बाकीच्यांच्या छातीवर दिसतात त्या युद्धातल्या पूर्व आघाडीवरच्या सेवेचा पूर्वी स्टार, युद्धकाळातल्या सेवेचं संग्राम पदक, 1972 चं स्वातंत्र्याच्या पंचविशीचं पदक आणि पुढे 9 वर्षांच्या, 20 वर्षांच्या सेवेची पदकं. ‘ही तर हजेरीची!’ असं म्हणत नाक मुरडणारे भेटतात. मला ते पटत नाही. हलत्या जहाजावर, रात्री, टॉर्चच्या उजेडात बोल्टला लॉकवायर घालणाऱ्याची हजेरी म्हणजे शाळेतली हजेरी नव्हे. त्याचं काम चोख झालं, तर सांगण्यासारखं काही घडतच नाही. मग मानपत्रात लिहिणार काय?

गोव्याला गेलात तर बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय जरूर बघा. सी हॉक आणि ‘विक्रांत’वरचंच दुसरं विमान अलिझे, दोन्ही तिथे उभी आहेत. आणि तुमच्या शेजारीपाजारी एखाद्या निवृत्त नौसैनिकाकडे पूर्वी स्टार दिसला, तर नुसतं “किती पदकं मिळाली, काका?” असं विचारू नका. “तुम्ही हॉकवर होतात की अलिझेवर?” असं विचारा, आणि तासभर मोकळा ठेवा.